तुझ्या आईची शेवंड

मालवण,
नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार

प्रिय चिनू,


तू पाठवलेले फोटो पाहिले. दोन पाकिटं, प्रत्येकात शेवंडीच्या, म्हणजे तुमच्या लॉबस्टरच्या, दोन शेपट्या आणि खाली तुझा प्रश्न : "मावशी, आई पुढच्या शुक्रवारी पोचतेय. ह्या कशा करू?" कृती फोनवर पाच मिनिटांत सांगून झाली असती. पण त्याआधी जे सांगायचं आहे ते मला फोनवर जमणार नाही, म्हणून कागद घेऊन बसले. शेजारची मुलगी पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे.

तुझी आई म्हणेल, मला शेवंड आवडत नाही, चिवट असते. गेली जवळजवळ पन्नास वर्षं ती हेच सांगते आहे आणि तिला ते मनापासून खरं वाटतं. पण तिने शेवंड आयुष्यात एकदाच खाल्ली आहे. ती कशी होती ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या दुपारी तिच्या शेजारच्या पाटावर मी जेवत होते.

तुझे आजोबा कातळाच्या कडेने तळाला जाळी मारायचे. पहाटे जाळं ओढलं की त्यात खेकडे, एखादा तांबोसा, भरपूर शेवाळ आणि कधीतरी शेवंड. शेवंड जाळ्यात गुरफटलेली असली की बाबा चाकूने जाळ्याचा धागा कापायचे. तिची मिशी मोडू द्यायचे नाहीत. जाळं घरी बसून विणता यायचं, पण मिशी मोडलेल्या शेवंडीचा भाव पडायचा. ओल्या गोणपाटात गुंडाळून ती जिवंत, तशीच दलालाकडे जायची. आमच्या ताटात पेडवे, बांगडे, सुंगटं. शेवंडीच्या पैशांतून शाळेची फी आणि होडीची डागडुजी. आम्हा गाबीत मच्छीमारांच्या कितीतरी घरांत हेच होतं. सगळ्यांत महागाची मासळी ज्याने पकडली त्याच्या चुलीवर चढत नसे.

१९७६ च्या दिवाळीआधी एकदा वारा फिरला. बाबा उशिरा आले. दोन शेवंडी होत्या, पण पाय आणि मिश्या मोडलेल्या. दलालाने हात लावला नाही. बाबा त्या घरी घेऊन आले आणि म्हणाले, "आज पोरांका घाल." तुझ्या आजीने तोवर शेवंड कधी शिजवली नव्हती. एवढी मोलाची वस्तू कच्ची राहायला नको, या भीतीने तिने ती मटणासारखी मंद आचेवर पाऊण तास शिजवली. वाटप काय सुरेख झालं होतं! त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. पण मांसाची वादी झाली होती. तुझी आई सात वर्षांची. तिने एक घास बराच वेळ चावला, हातात काढून ठेवला, बाबांकडे पाहिलं आणि तोच घास पुन्हा तोंडात टाकला. त्यानंतर घरात चार पैसे आले, तुझ्या मामाच्या लग्नात आपणहून शेवंड आणली, तेव्हाही तिने "माका नको" म्हणून ताटली माझ्याकडे सरकवली. आजी गेली तोवर आम्हा कुणाच्याच तोंडून तिला कळलं नाही, की त्या दिवशी काय बिघडलं होतं.

बिघडलं होतं एवढंच : चाळीस मिनिटं जास्त. आजीचा हात अन्नपूर्णेचा होता. तिला वेळ कुणी सांगितली नव्हती. मी तुला सांगते आहे.

मला ती कळली रत्नागिरीला. तिथल्या एका मासळी गोठवण्याच्या कारखान्यात मी बावीस वर्षं काढली हे तुला माहीत आहे. हंगामात शेपट्या माझ्या हातातून जायच्या. अख्ख्या शेवंडीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा शेपटी, आणि खाण्याजोगं बहुतेक मांस त्यातच. डोकं लगेच वेगळं करायचे, कारण शेवंड मेली की तिच्या डोक्यातले पाचक रस शेपटीच्या मांसात उतरतात आणि घट्ट मांस पिठासारखं भुसभुशीत होतं. म्हणून शेवंड एकतर जिवंत विकतात, नाहीतर शेपटी तोडून लगेच गोठवतात. तुझ्या पाकिटातली शेपटी शिळी असणार असं मनात आणू नकोस. नीट गोठवलेली असेल तर दुपारपर्यंत टोपलीत पडून राहिलेल्या मेलेल्या शेवंडीपेक्षा ती शंभर पटीने चांगली.

आता तुझी पाकिटं. पहिल्यातल्या शेपट्या काळपट, गुळगुळीत, ठिपका एकही नाही. त्या तुमच्या उत्तरेकडच्या थंड पाण्यातल्या. पुढे दोन जाड नांग्या असतात त्या जातीच्या. दुसऱ्या पाकिटातल्या शेपटीच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या कड्यावर, दोन मोठे फिकट ठिपके दिसतात. पाकिटावर कॅरिबियन लिहिलेलंच आहे, पण ते ठिपके बघूनही मी सांगितलं असतं. ही आपल्या शेवंडीच्या कुळातली : नांग्या नाहीत, लांब काटेरी मिश्या, ऊबदार पाण्यात राहणारी. आपल्याकडे जास्त करून मिळते तिच्या पाठीवर प्रत्येक कड्याला एक बारीक पांढरी आडवी रेघ असते. साडीच्या काठासारखी. थंड पाण्यातलीचं मांस मऊ आणि गोडसर, ती तुपाबरोबर कर. कॅरिबियन जरा घट्ट असते, मसाल्यापुढे टिकते. तिचं तिखलं कर.

एक गोष्ट पाकीट घेतानाच बघायची असते. बारीक अक्षरांत सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट लिहिलंय का? मांसात पाणी धरून ठेवायला ते वापरतात. अशी शेपटी हाताला साबणासारखी बुळबुळीत लागते आणि भांड्यात पाणी सोडते. असलं तर ह्या वेळी चालव, पुढच्या खेपेला दुसरं घे. वरून बर्फाचा पातळ थर दिसतो तो मात्र मुद्दाम दिलेला असतो, मांस सुकू नये म्हणून. त्यात काही वावगं नाही.

गुरुवारी रात्री शेपट्या फ्रीजरमधून खाली फ्रिजमध्ये ठेव. पाकीट हवाबंद असेल तर कात्रीने उघड, शेपट्या ताटलीत काढ, वर झाकण ठेव. रात्रभरात आठ-दहा तासांत सुटतात. विसरलीस तर घट्ट बांधलेल्या पिशवीत घालून थंड पाण्यात बुडव, तासाभरात होतात. गरम पाणी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच, कडेचं मांस तिथेच शिजायला लागतं आणि आत बर्फ राहतो. सुटल्यावर वास घे. समुद्राचा वास यायला हवा. अमोनियाचा, म्हणजे मुतारीसारखा उग्र दर्प आला तर पैसे गेले समजून टाकून दे, मसाल्याने तो झाकायला जाऊ नकोस.

आता कापणं. शेपटी तळहातावर उलटी धर. खालच्या बाजूला पातळ, दुधी पडदा दिसेल आणि दोन्ही कडांना जोडीजोडीने पाकळ्यांसारखी छोटी वल्ही. मादी आपली अंडी ह्याच वल्ह्यांना चिकटवून धरते, लाखांच्या घरात, नारिंगी मोहरीच्या घोसासारखी. पिल्लं बाहेर पडेपर्यंत पोटाखाली घेऊन फिरते, वल्ही हलवून त्यांना पाणी देत राहते.

इथे थोडं थांबते. कारखान्यात अशा माद्या यायच्या. आमच्यातल्या काहीजणींना ब्रश दिलेले असत. अंडी घासून काढायची, शेपटी धुवायची, वजनाप्रमाणे पेटीत लावायची. मीही घासली आहेत. नाली नारिंगी व्हायची. तेव्हा पोटासाठी केलं आणि वरच्यांना विचारायची हिंमत नव्हती, पण ते चूक होतं. मुंबईच्या समुद्रात वाळूतल्या चपट्या शेवंडी ट्रॉलरना १९७८ पासून भरपूर मिळायला लागल्या आणि १९९४ पर्यंत जवळजवळ संपल्या. अंड्यावरच्या माद्या उपसत राहिलं तर दुसरं काय होणार? २००३ साली केंद्र सरकारने निर्यातीसाठी कमीत कमी वजन ठरवून दिलं. आपल्या रेघवाल्या शेवंडीसाठी अख्खी ३०० ग्रॅम, नुसती शेपटी ९० ग्रॅम. चांगलं झालं, पण अंड्यावरची मादी वजनाने मोठीच असते, तिला त्यातून काय संरक्षण?

म्हणून गेल्या वर्षी तू मला अमेरिकेत मेनला त्या बोटीवर नेलंस तो दिवस मी विसरत नाही. त्या बोटवाल्याने पितळी माप काढून लॉबस्टरच्या डोळ्याच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या टोकापर्यंत लावलं होतं. सव्वातीन इंचांहून लहान, सोडून द्या. पाच इंचांहून मोठी, तीही सोडून द्या, कारण मोठ्यांकडूनच जास्त वीण. मग त्याने एक अंड्याची मादी हातात घेतली, शेपटीच्या पंख्याच्या एका पाकळीला व्ही आकाराची खाच पाडली आणि पाण्यात सोडली. तू मला अर्थ सांगितलास : ती पुन्हा कुणाच्या सापळ्यात आली आणि तेव्हा अंगावर अंडी नसली, तरी खाच बघून सोडावीच लागते. मी तेव्हा काही बोलले नाही, तुला वाटलं मला बोट लागली. मला त्या नालीची आठवण येत होती. तुझ्या पाकिटातल्या शेपट्यांचे पंखे मी फोटो मोठा करून पाहिले. चारही अखंड आहेत.

तर, कापणं. स्वयंपाकाची दणकट कात्री घे. हातांना जुनं फडकं गुंडाळ, कॅरिबियनच्या कवचाच्या कडा बोचतात. तुपातल्या दोन शेपट्या पाठीच्या बाजूने कापायच्या : कात्रीचं खालचं पातं कवच आणि मांस यांच्यामध्ये सरकव, मधोमध सरळ कापत जा आणि पंख्याच्या अलीकडे थांब. पंखा कापू नकोस. मग दोन्ही अंगठ्यांनी कवच पुस्तकासारखं उघड, मांसाखाली बोट घालून ते कवचापासून सोडव, शेपटीच्या टोकाशी मात्र जोडलेलं राहू दे. वर उचल आणि बंद केलेल्या कवचावर आरामात ठेव. मधोमध एक काळा दोरा दिसेल, आतड्याचा. कोळंबीचा काढतेस तसाच ओढून काढ. सुटं पाणी फडक्याने टिपून घे. शेपटी वाफेत गोल वळायला नको असेल तर मांसातून लांबीला एक बांबूची काडी घाल.

मागच्या वर्षी मी तिकडे ठेवून आले ते मोदकपात्र काढ. पाणी खळखळून उकळू दे, वाफ चांगली धरू दे, मगच शेपट्या आत ठेव. थंड पाण्यावर ठेवून गॅस लावलास तर वेळेचा हिशेब उरत नाही. तुझ्या पाकिटावर शेपटी पाच औंसांची आहे, म्हणजे १४० ग्रॅम. तिकडचा ढोबळ हिशेब एका औंसाला एक मिनिट. मोदकपात्रात सहा-सात मिनिटं लागतील, पण पाचव्या मिनिटाला झाकण उघडून बघ.

काय बघायचं? कवच बघू नकोस. कवच लवकर लाल होतं आणि माणूस फसतो. तो लाल रंग जिवंतपणीही कवचात असतोच, पण एका प्रथिनाने बांधून ठेवलेला, म्हणून काळपट-हिरवा दिसतो. उष्णतेने ते प्रथिन मोडतं आणि रंग सुटतो. आतलं मांस तेव्हा अजून कच्चं असू शकतं. बघायचं ते मांसच, सगळ्यांत जाड भागात. कच्चं असतं तेव्हा काचेसारखं आरपार, राखाडी झाक असलेलं. शिजलं की पांढरं आणि अपारदर्शक होतं, पण ओलसर चमक राहते, ओल्या नारळाच्या खोबऱ्याची असते तशी. त्या क्षणी काढायचं. चमक गेली, मांस कोरडं दिसायला लागलं, म्हणजे धागे आवळले आणि आतलं पाणी पिळून बाहेर गेलं. ते पाणी पुन्हा आत जात नाही. आणखी शिजवलं की मऊ होईल हे मटणाबद्दल खरं आहे, शेवंडीबद्दल नाही. तुझ्या आजीची गल्लत तिथे झाली.

तुझ्याकडे केकसाठी घेतलेला तापमापक आहे ना, तो वापर, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेच्या सरकारी सूचनेत १४५ फॅरेनहाइट लिहिलेलं असतं, म्हणजे ६३ सेल्सिअस. मी १४० ला उतरवून झाकून ठेवीन. अंगच्या उष्णतेने तापमान पुढे चढतं. ओव्हनमध्ये वरच्या आचेखाली करायच्या असतील तर वेळ साधारण तेवढीच, जाळीपासून चार-सहा बोटं खाली आणि तिथून हलायचं नाही. पहिल्यांदा मात्र मोदकपात्रच बरं. वाफ माफ करते, वरची आच करत नाही.

तिकडे बरोबर वितळवून निवळलेलं लोणी देतात. लोणी वितळवून दुधाचा अंश बाजूला काढला की त्यांचं झालं. तोच अंश तांबूस होईपर्यंत कढवला की आपलं तूप. तेव्हा साजूक तूप बिनधास्त घे. चार चमचे तुपात दोन लसूण पाकळ्या ठेचून मंद गरम कर, लसूण लाल होऊ देऊ नकोस, वरून लिंबू आणि मीठ. बाकी काही नको. कोथिंबीर शिवरायची सवय आवर.

कॅरिबियन दोन शेपट्यांचं मांस कच्चंच सगळं बाहेर काढ. पोटाकडचा पडदा दोन्ही कडांनी कापला की मांस एकसंध निघतं. अंगठ्याएवढे तुकडे कर, थोडं मीठ-हळद लाव. कवचं फेकू नकोस; ठेचून तीन वाट्या पाण्यात वीस मिनिटं उकळ आणि गाळून घे. खरा स्वाद त्या पाण्यात उतरतो. कांदा-खोबरं भाजून नेहमीचं वाटप कर, मे महिन्यात पाठवलेल्या मसाल्याचे दोन चमचे, कवचाचं पाणी आणि तीन-चार आमसुलं. तिरफळ घालू नकोस, तिरफळं बांगड्याला. रस्सा पूर्ण उकळू दे, मीठ चाखून घे, आंबटपणा बघ, जे काही वरखाली करायचं ते आत्ताच. अगदी शेवटी आच मंद करून तुकडे सोड. दोन मिनिटं, फार तर तीन. गॅस बंद, वर झाकण. म्हणजे आजीचं वाटप जसंच्या तसं आणि शेवंड तिने केली असती तर व्हायला हवी होती तशी.

त्या दिवशी तुझी मैत्रीण जेवायला असेल तर आधी विचारून घे. कोळंबी ज्यांच्या अंगावर उठते त्यांनी शेवंडीच्या वाटेला जाऊ नये.

भात आधी करून ठेव, सोलकढी आधी, पानंसुद्धा आधी घे. शेवंड सगळ्यांत शेवटी, माणसं पाटावर बसल्यावर. तिला थांबवून ठेवता येत नाही. तिचा प्रवास, सामान, तिकडची हवा हे सगळं बोलून होऊ दे आणि मग मोदकपात्राखाली गॅस लाव.

तुझ्या आईला आजीच्या त्या पाऊण तासाबद्दल लगेच काही सांगू नकोस. जेवून झाल्यावर हे पत्र वाचायला दे. मी इथे चार वाक्यांत लिहिलं ते तिला माझ्या हातचंच वाचू दे. बाबांनी कापलेला धागा तिलाही आठवत असेल.

आणि पहिलं पान तिचं वाढ. ती "माका नको, तुमी खावा" म्हणेल, ताटली तुझ्याकडे सरकवेल. घेऊ नकोस.

तुझी,
मावशी